पाच एमएल कशाचे? पाळणाघरातल्या औषधाचं एक प्रकरण

बाटली १५ एमएलची होती आणि तळाशी जेमतेम ५ एमएल उरलं होतं. दुपारी साडेतीनला मी बँकेतून परत आले, हात धुवायला ओट्याशी गेले आणि ती बाटली दिसली. सकाळी साडेआठला ती माझ्याच हातात आली होती, सील न फोडलेली. मग १० एमएल गेलं कुठे? सांडलं असेल, असंच आधी वाटलं. ओट्यावर डाग शोधला. डाग नव्हता.

डोंबिवलीत मी चौदा वर्षं पाळणाघर चालवते आहे. तेव्हा बावीस मुलं होती, सर्वांत लहान आठ महिन्यांचं, सर्वांत मोठं सहा वर्षांचं. मदतीला दोन मावशी. एक सकाळी आठला येते आणि दुपारी एकला जाते, दुसरी एकला येते ती शेवटचं मूल जाईपर्यंत थांबते. ज्या मुलीबद्दल लिहिते आहे ती तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची होती, वजन ११ किलो. तिच्या आईवडिलांना विचारूनच हे लिहिलं आहे. मुलगी आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

त्या दिवशी काय झालं

मुलीला आदल्या रात्रीपासून ताप होता. आईने रात्री एकदा आणि सकाळी सातला एकदा घरातलं पॅरासिटामॉलचं सिरप दिलं, ५ एमएल. त्याबरोबर बाटली संपली. आईला सव्वाआठची लोकल गाठायची होती, वडील त्या आठवड्यात बंगळूरला होते. आजोबा नातीला घेऊन निघाले, वाटेत औषधाच्या दुकानात थांबले आणि म्हणाले, "लहान मुलांचं तापाचं औषध द्या, पॅरासिटामॉल." दुकानदाराने ड्रॉप्स दिले. आजोबांनी खोकं आणि आतला ड्रॉपर तिथेच टोपलीत टाकला, बाटली तेवढी खिशात घातली.

साडेआठला दारात माझी त्यांची गाठ पडली. मागे दोन रिक्षा थांबलेल्या, एक मूल रडत होतं, एकाचा डबा सांडला होता. आजोबा म्हणाले, "काकू, जरा कसर वाटतेय हिला. ताप आलाच तर हे पाच एमएल द्यायला सांगितलंय डॉक्टरांनी." मी बाटली घेतली, "बरं" म्हटलं आणि मावशींच्या हातात दिली. तोच निरोप, त्याच शब्दांत.

अकरा-चाळीसला मुलगी तापली. मावशींनी बाटली उघडली तर मापाचं झाकण नाही, ड्रॉपर नाही. दुसऱ्या एका मुलाच्या खोकल्याच्या औषधाचं झाकण धुऊन ठेवलेलं होतं, त्यावर ५ एमएलची रेघ होती. त्यांनी त्या रेघेपर्यंत भरून दिलं. मुलीने सगळं प्यायलं, ड्रॉप्स गोड असतात. त्यांनी दिलं हे खरं, पण लिहून कुठेच ठेवलं नाही, कारण लिहायला वहीच नव्हती. एकला त्या निघाल्या. मला सांगून जायचं असतं, पण मी बँकेत गेले होते.

दोनच्या सुमारास आजोबांचा फोन आला. "औषध दिलं का? नसेल तर द्या, आणि तिला पांघरूण नीट घाला." फोन दुपारच्या मावशींनी घेतला. मुलगी गोधडीत गुरफटून झोपून नुकतीच उठली होती, अंग गरम लागलं. थर्मामीटर खणात होता, त्याचा सेल संपलेला. बाटली ओट्यावर, शेजारी तेच झाकण. दोन-दहाला त्यांनी पुन्हा रेघेपर्यंत भरलं आणि दिलं.

साडेतीनला मी दुपारच्या मावशींना विचारलं, त्यांनी सांगितलं. सकाळच्या मावशींना फोन केला, त्यांनीही सांगितलं. तेव्हा फक्त एवढं कळलं की औषध दोनदा गेलंय. किती गेलंय, ते अजून कळलं नव्हतं. आईला फोन लावला, ती घाटकोपरला गाडीत चढत होती. बाटली पिशवीत टाकली, मुलीला कडेवर घेतलं आणि गल्लीच्या टोकाच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टरांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि बाटली उजेडात धरली. मग लेटरहेडच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या:

सिरप – ५ एमएलमध्ये १२५ मिलिग्रॅम.
ड्रॉप्स – १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम.

"म्हणजे त्याच ५ एमएलमध्ये चौपट," ते म्हणाले. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम देतात. ११ किलोच्या मुलीला ११० ते १६५, म्हणजे या ड्रॉप्सचे दीड एमएलसुद्धा पुरले असते. तिला एका वेळी ५०० मिलिग्रॅम गेलं होतं, किलोमागे ४५ च्या वर, आणि तेही अडीच तासांच्या अंतराने दोनदा. दोन डोसांमध्ये निदान चार तास, बरं तर सहा तास जायला हवेत.

मग त्यांनी विचारलं, "सकाळी घरी काही दिलंय?" मी म्हटलं, नाही, मला काही सांगितलेलं नाही. तेवढ्यात आईचाच फोन आला. सातला ५ एमएल सिरप दिल्याचं तिने तेव्हा सांगितलं. डॉक्टरांनी तिसरी ओळ लिहिली आणि बेरीज केली: ११२५ मिलिग्रॅम, किलोमागे शंभराच्या वर. दिवसभराची मर्यादा किलोमागे ६० ते ७५ धरतात. इथे सात तासांत ती ओलांडली होती, शिवाय आदल्या रात्रीचा डोस वेगळाच.

मुलगी टेबलावर बसून स्टेथोस्कोपशी खेळत होती. मला धीर आला तो त्यामुळे. डॉक्टरांनी तो धीर तिथेच मोडला. पॅरासिटामॉल जास्त झालं तर पहिला दिवस मूल चांगलं दिसू शकतं. थोडी मळमळ, एखादी उलटी, कधी तेवढंही नाही. लिव्हरला इजा झाली असेल तर ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. म्हणून खेळतंय तोवर घरी ठेवायचं नाही. एका वेळी किलोमागे १५० मिलिग्रॅमच्या पुढे धोका मोठा मानतात. तिचा आकडा त्याच्या आत होता, पण डोस वारंवार गेलेले आणि ताप असलेलं, दिवसभर धड न जेवलेलं मूल, म्हणून त्यांनी रुग्णालयात पाठवलं. औषध शोषलं जाऊ नये म्हणून कोळशाची पूड पाजतात, पण ती पहिल्या तास-दोन तासांत उपयोगी. ती वेळ निघून गेली होती. रुग्णालयात शेवटच्या डोसनंतर चार तास होऊ देऊन रक्त घेतलं, पॅरासिटामॉलची पातळी आणि लिव्हरच्या तपासण्या केल्या. उतारा म्हणून एन-ॲसिटिलसिस्टीन असतं, ते तयार ठेवलं होतं. लागलं नाही. दुसऱ्या दिवशीचे एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली का हे दाखवणारे रक्तातले आकडे, नॉर्मल आले, तिसऱ्या दिवशी सकाळी मुलगी घरी गेली.

आईने विचारलेला प्रश्न

रुग्णालयाच्या बाकावर रात्री आई माझ्याशेजारी बसली होती. तिने मला बोल लावला नाही, आणि तेच जड गेलं. मी विचारलं, "सकाळी ताप होता आणि औषध दिलं होतंस, तर एक शब्द बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "काकू, सांगितलं असतं तर घेतलं असतंत का तिला?"

नसतं घेतलं. आमच्या दारावर पाटी होती: "ताप, जुलाब, उलटी असल्यास मुलांना आणू नये." पाटीखाली माझीच सही.

मला या प्रकरणातली सर्वांत मोठी गोष्ट इथे दिसते, ड्रॉप्स आणि सिरपच्या गोंधळापेक्षाही मोठी. त्या महिन्यात तिच्या दोन रजा आधीच गेल्या होत्या. तिने सकाळी सातला औषध देऊन ताप उतरवला आणि मुलीला दारात आणून पोचवण्याची सोय केली. असं करणारी ती एकटी नाही. नंतर मी पालकांना एकेक करून, कुणाला दोष न देता विचारलं. तापाचं औषध देऊन मूल पाठवल्याचं निम्म्याहून जास्त जणींनी कबूल केलं. नियम कडक होता, म्हणून पालक खरं लपवत होते आणि घरच्या डोसाची वेळ माझ्यापर्यंत पोचतच नव्हती. घरी शेवटचा डोस कधी गेला हे ठाऊक नसेल, तर पुढचं औषध देणारा अंधारात हात घालत असतो.

याच संदर्भात एक. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला भेटायची मुभा मिळाली. आई स्वतः येऊन औषध देऊ शकली तर आमच्यासारख्यांना बाटलीला हात लावायचीही गरज नाही. पण आमच्याकडच्या बहुतेक आया दीड तास लांब काम करतात. पाळणाघर घराशी, नोकरी चर्चगेटला किंवा अंधेरीला. ती मुभा त्यांच्या वाट्याला येत नाही. म्हणून औषध आमच्या हातात येणारच. ते सुरक्षितपणे कसं द्यायचं हे शिकणं आम्हाला भाग आहे.

आम्ही पाटी काढली. आता ताप १००.४ फॅरनहाइटच्या खाली असेल, मूल खेळत-पीत असेल आणि घरी दिलेल्या औषधाची वेळ लिहून दिली असेल तर आम्ही मूल घेतो. त्याहून जास्त ताप, धाप, सुस्ती, सतत उलट्या, अंगावर पुरळ असेल तर घेत नाही. तीन महिन्यांपेक्षा लहान बाळाला तापच आला तर ते थेट डॉक्टरांकडे. आमच्याकडे इतकं लहान बाळ नसतं, पण एखादी आई विचारायला येते म्हणून लिहून ठेवलंय.

एमएल आणि मिलिग्रॅम

दुसरी गोष्ट त्या दोन ओळींची. आपल्याकडे लहान मुलांचं पॅरासिटामॉल निदान तीन ताकदींत मिळतं: १ एमएलला १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स, ५ एमएलला १२० किंवा १२५ चं सिरप, आणि ५ एमएलला २५० चं दुप्पट ताकदीचं सिरप. "पाच एमएल द्या" या निरोपाचा अर्थ बाटली कुठली यावर ठरतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीत "सिरप" हा शब्द होता. ती चिठ्ठी घरी फ्रिजवर मॅग्नेटने लावलेली होती. आजोबांपर्यंत आकडा पोचला, शब्द वाटेत गळला.

पूर्वी आमच्याकडे मुलगा असलेली एक आई आता न्यू जर्सीत राहते. तिला हे कळल्यावर तिने सांगितलं की तिकडेही हाच घोळ होत असे. बाळांच्या ड्रॉप्सची ताकद मोठ्या मुलांच्या सिरपच्या तिपटीहून जास्त होती. २०११ साली तिथल्या उत्पादकांनी ते दाट ड्रॉप्स बंद करून सगळ्या लहान मुलांसाठी एकच ताकद ठेवली, ५ एमएलला १६० मिलिग्रॅम. आपल्याकडे हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. नवजात बाळाला थोडक्या थेंबांत औषध देता यावं म्हणून दाट ड्रॉप्स आले, हे मला समजतं. पण एकाच घरात दोन ताकदी आल्या की माप चुकतं.

तिने तिच्या मुलाच्या डे-केअरच्या फॉर्मचा फोटोही पाठवला. पालकांची लेखी परवानगी, डॉक्टरांची सूचना, मूळ वेष्टनातलं औषध, दिल्याची नोंद. आमचा कागद मी त्यावरून बेतला, पण आपल्या गरजेप्रमाणे बदलून.

आता कसं चालतं

तोंडी निरोपावर औषध द्यायचं नाही. दारात नाही, फोनवर नाही, आजोबांनी सांगितलं म्हणून नाही. कागदावर मुलाचं नाव, या महिन्यातलं वजन, औषधाचं नाव, "किती एमएलमध्ये किती मिलिग्रॅम" हे बाटलीवरून उतरवून, किती एमएल द्यायचं, कशासाठी, घरी शेवटचं कधी दिलं, आणि सही. तापाच्या औषधाचा कागद एकाच दिवसापुरता. बाटली खोक्यासकट आणि तिच्याच मापासकट यायला हवी. नसेल तर आम्ही माप उसनं घेत नाही, आईला फोन करतो. स्वयंपाकघरातला चमचा तर नाहीच, कारण दोन घरांतले चमचे सारखे नसतात.

औषध एकच जण देते, पण देण्याआधी दुसरी व्यक्ती कागद मोठ्याने वाचते आणि पहिली बाटलीवरचं लेबल वाचते. दोन्ही जुळलं तरच. सकाळच्या मावशींचं शिक्षण चौथीपर्यंत झालंय, लेबलवरची बारीक इंग्रजी अक्षरं त्यांना लागत नाहीत. आम्ही त्यांना अक्षरं वाचायला सांगत नाही, आकडा वाचायला सांगतो: १०० की १२५ की २५०. एवढं त्या अचूक वाचतात आणि आता माझ्याही चुका पकडतात. दिल्याबरोबर वहीत वेळ घालायची, सही करायची, मगच झाकण लावायचं. मूल ओकलं तर आपण होऊन दुसरा डोस नाही, आईला विचारायचं. दुधाच्या बाटलीत औषध मिसळायचं नाही. मूल अर्धं पिऊन झोपतं, मग औषध किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. आणि औषधाला "चॉकलेट" म्हणायचं नाही.

कुठल्याही नव्या औषधाचा पहिला डोस आमच्याकडे देत नाही. अंगावर गांधी उठायच्या असतील, ओठ सुजायचे असतील तर ते आईच्या डोळ्यांसमोर व्हावं. अँटिबायोटिकच्या पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालणं हे घरचं काम. दिवसातून दोनदाचं औषध असेल तर ते सकाळी आणि रात्री घरीच देता येतं, म्हणून तीनदा लिहिलेलं असलं की मी आईला डॉक्टरांना विचारायला सांगते, दोनदाचं काही चालेल का. बऱ्याचदा चालतं. पाळणाघरात द्यायचे डोस जितके कमी, तितकं बरं.

जायफळ उगाळून, बाळघुटी, दात येतानाची पावडर, गोड गोळ्या यांवर आज्यांशी माझा वाद होतो. "आमच्या मुलांना दिलं, काही झालं नाही" हे मी रोज ऐकते. मी त्यांना एवढंच सांगते: घरी तुमची नात, तुमचा हात. इथे बावीस मुलं आहेत. आणि मूल झोपावं म्हणून सर्दीचं औषध द्यायला सांगणाऱ्या पालकाला मी त्याच दिवशी बसवून स्पष्ट नाही म्हणते.

खोकल्याच्या औषधाबाबत आमचा हात आणखी आखडला तो २०२५ च्या ऑक्टोबरात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात भेसळीच्या कफ सिरपमुळे वीसहून जास्त मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. त्यांतल्या कित्येकांना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होतं, तेच विष ज्याने १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात माणसं मेली होती. तेव्हा केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाचच्या खाली सहसा टाळावीत. त्याआधी २०२३ च्या डिसेंबरात क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन हे सर्दीच्या औषधांतले दोन घटक एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्यांना नको, असं लेबलवर छापायचे आदेश निघाले होते. या चौकटीत आमची जवळजवळ सगळीच मुलं बसतात. म्हणून बालरोगतज्ज्ञांची ताजी चिठ्ठी असल्याशिवाय खोकल्याचं औषध घेत नाही.

कुलूप आणि त्याला अपवाद

सगळी औषधं कुलपात, किल्ली माझ्या कमरेला. हे ठरलं तेव्हा मला फार सुरक्षित वाटलं. आठवड्याने एका मुलाची आई म्हणाली, "काकू, ह्याला तापात झटका येतो. तुम्ही भाजीला गेलात आणि किल्ली तुमच्याबरोबर गेली तर?" त्याच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून दिला होता. दुसऱ्या एका मुलाला दमा आहे, त्याचा इनहेलर आणि स्पेसर (इनहेलरला जोडायची नळी) असतो. ही औषधं कुलपात ठेवणं म्हणजे न ठेवण्यासारखंच.

आता ती दोन पाकिटं दाराच्या वर, मुलांचा हात न पोचेल अशा खुंटीला आहेत. त्यावर मुलाचा फोटो, कधी द्यायचं, किती द्यायचं, किती मिनिटांत आराम नाही पडला तर १०८ ला फोन, हे मराठीत ठळक लिहिलंय. दोन्ही मावशींना त्या आईने स्वतः येऊन करून दाखवलं. दर तीन महिन्यांनी आम्ही पुन्हा करून बघतो आणि मुदतीची तारीख पाहतो. झटक्याचा स्प्रे एकदा वापरायची वेळ आली. दुपारच्या मावशी होत्या, मी नव्हते. त्यांनी मुलाला कुशीवर वळवलं, स्प्रे मारला, घड्याळ पाहिलं, वेळ वहीत घातली.

या सगळ्यात एक गाठ अजून सुटलेली नाही. आमच्या भागातल्या डॉक्टरांना मी पत्र दिलं की चिठ्ठीत एमएलबरोबर मिलिग्रॅमही लिहा. तिघांनी लगेच सुरू केलं. त्यांच्या चिठ्ठ्या आता "पॅरासिटामॉल सिरप १२५/५, ५ एमएल = १२५ मिलिग्रॅम" अशा येतात. एकजण अजूनही नुसतं "५ एमएल" लिहितात. त्यांची चिठ्ठी आली की मी बाटली हातात घेऊन दवाखान्यात फोन करते, रिसेप्शनवरची मुलगी ओळखते मला आता. "थांबा हं काकू, विचारून सांगते," म्हणते. मी थांबते. तोवर मूल मांडीवर असतं आणि बाटलीचं झाकण बंद असतं.